शेरडे राखणाऱ्याची वाट

युरोप खंडाच्या दक्षिण टोकास, जेथे भूमध्य समुद्र एका चिंचोळ्या सामुद्रधुनीतून अटलांटिक महासागरास मिळतो, तेथे जिब्राल्टर नावाचा एक चुनखडीचा प्रचंड खडक उभा आहे. उंची ४२६ मीटर. पायथ्याचे गाव धरून सारा मुलुख जेमतेम सात चौरस किलोमीटर. इ. स. ७११ मध्ये तारिक इब्न झियाद हा सरदार आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येथे उतरला, त्यावरून ह्यास ‘जबल तारिक’, म्हणजे तारिकचा डोंगर, असे नाव पडले व त्याचाच अपभ्रंश पुढे जिब्राल्टर असा झाला. हे ठिकाण आपणांस अगदीच परके आहे असे नाही. १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाल्यावर मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या आगबोटी ह्याच खडकाखालून जात असत, आणि बॅरिस्टरीसाठी वा वैद्यकीसाठी तिकडे गेलेल्या आपल्याकडील कित्येक तरुणांनी तो डेकवर उभे राहून पाहिलेला असणार. सिंधी व्यापाऱ्यांनी तर एकोणिसाव्या शतकातच तेथे पेढ्या थाटल्या. त्यांचे वंशज अद्यापि तेथे नांदत आहेत व त्यांचे एक देऊळही त्या गावात आहे.

ह्या खडकाच्या पाठीवरून एक पायवाट जाते. तिजविषयी, आणि तिच्या निमित्ताने आपल्या शाळेतील एका गोष्टीविषयी, चार शब्द लिहावे असा माझा मानस आहे.

त्या वाटेचे नाव ‘मेडिटरेनियन स्टेप्स’, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पायऱ्या. लांबी सुमारे दीड किलोमीटर. परंतु एवढ्या अंतरात ती समुद्रसपाटीपासून १८० मीटरांवरून निघून सुमारे ४१९ मीटरांवर जाऊन पोहोचते, ह्यावरून तिचा चढ कसा असेल हे गणिताच्या विद्यार्थ्यांनीच ताडावे. खडकाच्या नैर्ऋत्य अंगास ‘ज्यूज गेट’ नावाची जागा आहे. ज्यू लोकांचे एक जुने कबरस्तान तेथे आहे. त्या ठिकाणापासून वाट निघते. प्रथम ती रानऑलिव्हच्या झुडपांतून, फारसा श्रम न देता, दक्षिणेकडे वळते. उजव्या हाताला सामुद्रधुनी पसरलेली असते व तिच्या पलीकडे आफ्रिकेचा किनारा आणि जेबेल मूसा हा पर्वत स्पष्ट दिसतो. हाच तो ग्रीकांच्या पुराणातील हर्क्युलिसचा दुसरा स्तंभ, असे पुष्कळांचे मत आहे. पहिला स्तंभ म्हणजे आपण ज्यावर उभे आहो तो.

मग वाट पूर्वेस वळते आणि सगळा देखावाच पालटतो. पश्चिमेच्या बाजूस गाव, बंदर, माणसांची वर्दळ. पूर्वेच्या बाजूस नुसता कडा आणि खाली समुद्र. पायऱ्या कोठे खडकात खोदलेल्या, कोठे दगड रचून बांधलेल्या; त्या नागमोडी वळणे घेत वर जातात. वसंत ऋतूत कड्याच्या फटींतून पांढऱ्या-जांभळ्या रंगाची कँडिटफ्टची फुले उमलतात. त्या जातीस जिब्राल्टरचेच नाव आहे. खाली पाहावे तर समुद्रपक्षी आपल्या पायांखालून उडत असतात. वर्षातून दोनदा युरोप व आफ्रिका यांच्या दरम्यान ये-जा करणाऱ्या घारी-गरुडांचे थवेच्या थवे ह्या खडकावरून जातात, कारण मोठ्या पंखांच्या पक्ष्यांस विस्तीर्ण समुद्र नको असतो, अरुंद पाणी हवे असते. माकडेही भेटतात, सबंध युरोपात मोकळी हिंडणारी माकडे तेवढीच. आणि पूर्वेचा दमट वारा सुटला म्हणजे तो कड्यास अडून वर चढतो, थंड होतो व खडकाच्या माथ्यावर ढगाचा एक पट्टा तासन् तास फडकत राहतो. भूगोलाच्या पुस्तकात आपण जो प्रतिरोध पर्जन्याचा धडा शिकतो, त्याचा आरंभ येथे डोळ्यांनी पाहावयास मिळतो.

इतके वर्णन वाचून कोणासही वाटेल की ही वाट सहलीसाठीच बांधिली असावी. तसे मुळीच नाही. ती लष्कराने बांधिली. पूर्वेचा कडा राखणाऱ्या शिपायांस एका चौकीवरून दुसऱ्या चौकीवर व तेथून माथ्यावरील तोफांपर्यंत जाता यावे, एवढाच तिचा हेतू. दुसऱ्या महायुद्धातील टेहळणीच्या जागांचे व इतर बांधकामांचे अवशेष अजून वाटेत लागतात. पण जेथून शेळीही पडेल असा हा कडा राखण्याची गरज कोणास व का भासली? ह्या प्रश्नाचे उत्तर १७०४ सालच्या एका रात्रीत आहे, आणि मला जे सांगावयाचे आहे त्याचे मूळही तेथेच आहे.

त्या काळी स्पेनच्या गादीवर दोन दावेदार होते व निम्मे युरोप एका बाजूस, निम्मे दुसऱ्या बाजूस असे युद्ध जुंपले होते. १७०४ च्या ऑगस्टात इंग्रज व डच यांच्या आरमाराने जिब्राल्टर घेतले. गावातील बहुतेक स्पॅनिश रहिवासी घरेदारे टाकून निघून गेले. त्यांतील पुष्कळांनी पुढे जवळच सान रोके हे गाव वसविले. थोड्याच दिवसांत स्पॅनिश व फ्रेंच फौजांनी खडकास वेढा घातला. जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीकडून तोफांचा भडिमार सुरू झाला. पण काम होईना.

अशा वेळी सिमोन सुसार्ते नावाचा, शेरडे राखणारा एक मनुष्य स्पॅनिश सेनापतीपुढे आला. पूर्वेच्या ज्या कड्यावरून कोणी चढेल असे दोन्ही पक्षांच्या एकाही अधिकाऱ्याच्या ध्यानीमनी नव्हते, त्या कड्यावरून वर जाण्याची वाट आपणांस ठाऊक आहे असे त्याने सांगितले. ठाऊक का नसावी? त्याचे आयुष्य शेरडांमागे ह्याच खडकावर गेले होते. शेरडू कोठे चढते, कोठे अडते, कोणत्या कपारीत सावली मिळते, हे त्यास जसे अवगत होते तसे कोणत्याही नकाशात लिहिलेले नव्हते.

नोव्हेंबर महिन्यात कर्नल फिगेरोआ ह्याच्या हाताखाली पाचशे निवडक शिपाई निघाले. निघण्यापूर्वी त्यांनी प्रभुभोजनाचा विधी केला व खडक घेऊ नाहीतर मरू अशी शपथ वाहिली, असे सांगतात. पुढे सुसार्ते, मागे एकेक शिपाई, काळोखात, बोलणे नाही, दिवा नाही, खाली समुद्राचा आवाज. पाचशेच्या पाचशे वर पोहोचले! सिंहगडाचा कडा चढणाऱ्या मावळ्यांची १६७० सालची गोष्ट ज्यांस तोंडपाठ आहे, त्या आमच्या मुलांस ह्या रात्रीचे महत्त्व फोड करून सांगावयास नको. उरलेली रात्र त्यांनी सेंट मायकेलच्या गुहेत दडून काढिली व उजाडताच माथ्यावरील पहारा कापून काढिला.

येथपर्यंत सारे त्या गरीब माणसाने सांगितल्याप्रमाणे झाले होते. ह्यापुढचे काम सेनापतींचे होते. मागून मोठी कुमक यावयाची होती. ती आली नाही. वर गेलेल्यांजवळ दारूगोळा फारच थोडा होता, तोही संपला. खालून इंग्रज पक्षाची फौज चढून आली, आणि पाचशेपैकी पुष्कळ मारले गेले, बाकीचे कैद झाले. कुमक का आली नाही ह्याची कारणे निरनिराळी देतात. फ्रेंच व स्पॅनिश अधिकाऱ्यांमधील हेवादावा हे त्यांपैकी एक आहे. आणि एका शेरडे राखणाऱ्याच्या सांगण्यावरून विजय मिळावा हे काही बड्या लोकांस रुचले नाही, असेही म्हणणारे आहेत. मला हे दुसरे कारण अशक्य वाटत नाही. मनुष्यस्वभाव पाहता ते पहिल्याहून अधिकच संभवनीय दिसते.

इंग्रजांनी मात्र त्या माणसाचे म्हणणे, शत्रूचा असूनही, पूर्णपणे ऐकिले असे म्हणावे लागेल. त्यांनी त्याची वाट तासून, फोडून टाकिली आणि पूर्वेचा कडाही राखावा लागतो हे कायमचे मनावर घेतले. आजच्या पायऱ्या म्हणजे हुबेहूब सुसार्तेची वाट, असे कोणी समजू नये. पण खडकाची पाठ तीच, समुद्र तोच, आणि भयही तेच, जे एका अशिक्षित माणसाच्या ज्ञानाने एका बलाढ्य पलटणीच्या मनात उत्पन्न केले.

ह्याच्या उलट उदाहरण त्याच खडकावर पाऊणशे वर्षांनी घडले. १७७९ पासून १७८३ पर्यंत स्पेन व फ्रान्स यांनी जिब्राल्टरास जो वेढा घातला तो इतिहासात ‘मोठा वेढा’ म्हणून प्रसिद्ध आहे. किल्ल्याचा गव्हर्नर जनरल एलियट हा मद्य व मांस ह्यांस न शिवणारा, अल्पनिद्र असा विलक्षण पुरुष होता. उत्तरेच्या कड्यातील एका सुळक्यावर तोफ नेता आली तर शत्रूस जरब बसेल, पण तेथे पोहोचावयाचे कसे, हा पेच होता. आणि एलियटने उपाय सुचविणारास एक हजार डॉलरांचे बक्षीस लाविले. उत्तर दिले ते हेन्री इन्स नावाच्या एका सार्जंट-मेजरने. हा कॉर्नवॉल ह्या खाणींच्या मुलुखातला. तो म्हणाला, खडकाच्या आतून भुयार खणीत जाऊ. २५ मे १७८२ रोजी काम सुरू झाले. पहारी, घण व सुरुंगाची दारू एवढीच साधने. तेरा माणसांनी पाच आठवड्यांत ८२ फूट भुयार खणिले. सुरुंगांच्या धुराने जीव गुदमरू लागला तेव्हा वाऱ्यासाठी म्हणून बाजूस एक भोक पाडिले, आणि त्यातून डोकावताच ध्यानात आले की तोफ ठेवण्यास सुळक्यापर्यंत जावयाचे कारणच नाही, ही जागाच सर्वोत्तम आहे! जिब्राल्टरची जगप्रसिद्ध भुयारे अशी एका सार्जंटाच्या तोंडून निघाली. दुसऱ्या महायुद्धात व त्यानंतर ती वाढून त्यांची एकूण लांबी पन्नास किलोमीटरांवर गेली, व नोव्हेंबर १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेवरील स्वारीची सूत्रे जनरल आयझेनहॉवरने त्याच खडकाच्या पोटातून हालविली. इन्सला पुढे अधिकाऱ्याचा हुद्दा व खडकावर जमीन मिळाली. तेथे विचारणारा होता, म्हणून सांगणारा निघाला.

आता वाटेच्या शेवटी जाऊ. पायऱ्या जेथे संपतात तेथे दोन मोठे तोफखाने आहेत. एकास लॉर्ड एअरीचे व दुसऱ्यास जनरल ओहाराचे नाव दिले आहे. ९.२ इंची प्रचंड तोफ तेथे अद्यापि उभी आहे. तिचा गोळा समुद्रापलीकडे आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचू शकत असे. ही दोन नावे मोठी बोधप्रद आहेत, जरी ज्या हेतूने ती दिली त्या हेतूने नव्हे. चार्ल्स ओहारा म्हणजे १७८१ साली अमेरिकेत यॉर्कटाउन येथे, कॉर्नवॉलिस आजाराचे निमित्त करून मागे राहिला असता, शरणागतीस पुढे झालेला अधिकारी. हाच कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला व टिपूविरुद्ध मराठ्यांचा दोस्त म्हणून आपल्या इतिहासात येतो. ओहारा जिब्राल्टरास असता त्याने माथ्यावर एक बुरूज बांधविला. हेतू हा की केडिझ बंदरातील स्पॅनिश आरमाराच्या हालचाली तेथून दिसाव्या. बुरूज झाला, पण मध्ये डोंगर आड असल्यामुळे केडिझ काही दिसेना! लोक त्यास ‘ओहाराचा मूर्खपणा’ म्हणू लागले व १८८८ साली तो पाडून टाकण्यात आला. एखाद्या गुराख्यास विचारिले असते तर त्याने फुकट सांगितले असते की साहेब, मध्ये डोंगर आहे.

दुसरा लॉर्ड एअरी. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हा येथे जो सुप्रसिद्ध, पण सर्वस्वी अनाठायी, घोडदळाचा हल्ला झाला, त्याचा हुकूम सेनापती रॅग्लनच्या सांगण्यावरून कागदावर लिहिणारा तो हाच. सेनापती टेकडीवर होता. त्यास जे दिसत होते ते खाली दरीतील घोडदळाच्या नायकास दिसत नव्हते. हुकुमातील ‘तोफा’ कोणत्या हे खालच्यास कळेना, आणि साडेसहाशेंहून अधिक स्वार भलत्याच तोफांच्या तोंडी गेले. वर उभा राहणारा सारेच पाहतो असा त्याचा समज असतो. खाली उभ्या असलेल्यास काय दिसते हे विचारण्याचे त्यास सुचत नाही.

म्हणजे त्या माथ्यावर नावे आहेत ती, ज्यास भूमी दिसली नाही त्याची व ज्याच्या लेखणीतून भूमीविषयी घोटाळा झाला त्याची. ज्यास भूमी ठाऊक होती त्याचे नाव एकाही तोफेवर नाही. हा दोष एकट्या इंग्रजांचा, असे मी म्हणत नाही. सर्वच देशांत गडांस राजांची नावे, दरवाजांस सरदारांची. वाटाड्यांचे नाव बखरीत आले तर नशीब.

युद्धाच्या कथा मुलांस रम्य वाटतात म्हणून एवढेही येथे सांगितले पाहिजे की १९४० साली ह्या खडकावरील हजारो बायका, मुले व म्हातारी माणसे बोटींत घालून बाहेर पाठविण्यात आली: प्रथम मोरोक्कोत, मग इंग्लंड, मदैरा, जमैका. युद्ध १९४५ साली संपले. पण काही कुटुंबांस घरी परतण्यास १९५१ साल उजाडले. जे मूल चार वर्षांचे असता गेले ते पंधरा वर्षांचे होऊन आले. त्या पायऱ्या चढताना जी सुंदर शांतता लागते, तिची ही एक किंमत आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पालकहो, आपल्या ह्या शाळेत शिकणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांचे वडील वा आजोबा गुरे राखतात, शेरडे राखतात, मासे मारतात, रानातून मोळी आणतात. प्रवेशाच्या वेळी ‘वडिलांचा धंदा’ ह्या रकान्यापुढे काय लिहावे असा प्रश्न आला म्हणजे ह्यांतील कित्येकांची मान खाली जाते, आणि ‘शेती’ असे लिहून वेळ मारून नेली जाते, मग घरी शेत असो वा नसो. मुले तर घरचे काम वर्गमित्रांपासून चोरून ठेवितात. सुटीत शेरडांमागे गेलो होतो असे सांगण्यापेक्षा सुटीत काहीच केले नाही असे सांगणे त्यांस बरे वाटते. ही लाज त्यांच्या घरी जन्मलेली नाही. ती येथे, बाकांवर बसून, आम्हां सुशिक्षितांच्या बोलण्याचालण्यातून ती शिकली आहेत.

शिक्षण म्हणजे मुलांस शेरडांपासून दूर नेणे, असे कोणी म्हणेल. काही अंशी ते खरेही आहे. मुलाने आयुष्यभर शेरडेच राखावी असे मी मुळीच म्हणत नाही. त्याने इंजिनियर व्हावे, डॉक्टर व्हावे, आणि त्याचे वडील ह्याचसाठी अर्धपोटी राहून फी भरीत आहेत. परंतु तो जे घेऊन शाळेत आला ते ज्ञानच नव्हे, असे त्यास वाटू देणे हा निराळा प्रकार आहे. कोणत्या ओढ्यास चैत्रात पाणी राहते, कोणत्या उतारावरची माती पावसात सरते, वारा फिरला की किती वेळात आभाळ भरून येते, हे ज्या मुलास ठाऊक आहे, त्यास भूगोलात दहापैकी तीन गुण मिळत असतील तर उणेपणा केवळ मुलाकडेच आहे असे मला वाटत नाही. सुसार्तेची परीक्षा कोणी नकाशा काढावयास सांगून घेतली असती तर तोही नापास झाला असता.

शिवाय सहलींची गोष्ट. हल्ली सहल म्हणजे मोटारीतून गडाच्या दरवाजापर्यंत जाणे, फराळ करणे, छायाचित्र काढणे व दिवस मावळण्याच्या आत परतणे. जिब्राल्टरच्या माथ्यावर जावयासही मोटारीचा रस्ता झाला, १९६६ पासून रज्जुमार्गही झाला, आणि सोयीची ही साधने वृद्धांस व पंगूंस हवीतच. धडधाकट मुलांस ती कशाला? रज्जुमार्गाने जाणारास समुद्र दिसेल, आफ्रिका दिसेल, तोफ दिसेल. कडा मात्र कळणार नाही. पाचशे माणसे काळोखात ह्यावरून वर गेली ह्या वाक्याचा अर्थ ज्याच्या पोटऱ्या भरून आल्या आहेत त्यासच लागतो. पालकांस मुले थकतील, पडतील अशी काळजी वाटते, ती मी समजतो. वाटेवर दोर, पाणी, शिक्षक व सावधगिरी असली म्हणजे तिचे बहुतेक कारण नाहीसे होते.

म्हणून माझी शाळेच्या चालकांस व पालकांस एक सूचना आहे. येत्या हिवाळ्यात वरच्या वर्गांची सहल जवळच्या एखाद्या डोंगरी किल्ल्यावर पायी न्यावी. वाट दाखविण्याचे काम शिक्षकांनी अंगावर घेऊ नये. त्या रानात ज्याची गुरे वा शेरडे चरतात अशा गावकऱ्यास बोलवावे, त्याचा मुलगा आपल्या शाळेत असल्यास फारच उत्तम, आणि त्यास पुढे चालवावे. मुलांनी वह्या घेऊन त्याच्या मागे जावे, तो जी नावे सांगेल ती लिहून घ्यावी: टेपांची, पाणवठ्यांची, कपारींची. त्यास दिवसाची रीतसर मजुरी द्यावी. आणि पुढील वार्षिकात सहलीचा वृत्तान्त छापून येईल तेव्हा ‘एका स्थानिक इसमाच्या मदतीने’ असे न लिहिता त्याचे संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, शिक्षकांच्या नावांच्या वर छापावे.